सोंगटी आणि सोंग

दिल्लीच्या कॅनॉट प्लेसखाली पालिका बाजार हा भूमिगत बाजार आहे. तेथील व्हिडिओ गेमच्या दुकानांत एखादे गिऱ्हाईक गेले, की दुकानदार पहिला प्रश्न विचारतो, ‘कोणत्या प्रकारचा खेळ हवा?’ मोटारींच्या शर्यतीचा, क्रिकेटचा, मारामारीचा, की आरपीजी? पहिल्या तीन प्रकारांचा अर्थ सांगावा लागत नाही. चौथा शब्द मात्र थांबवून ठेवतो. आरपीजी म्हणजे रोल-प्लेइंग गेम, अर्थात भूमिकाप्रधान खेळ. नाव समजले तरी शंका मिटत नाही. शर्यतीच्या खेळात खेळणारा चालकाची भूमिका घेतो, क्रिकेटच्या खेळात फलंदाजाची. भूमिका तर प्रत्येक खेळात आहे. मग एकाच प्रकाराला भूमिकाप्रधान का म्हणावे? हा प्रश्न वरवर मुलांच्या करमणुकीचा वाटतो; पण त्याचा माग काढू लागले, की तो माणसाच्या घडणीपर्यंत येऊन पोहोचतो.

मराठीत दोन शब्द कानाला शेजारचे वाटतात : सोंगटी आणि सोंग. सारीपाटावर सरकते ती सोंगटी. तिला रंग असतो, पण स्वभाव नसतो. ती मारली गेली तर कोणी हळहळत नाही; फार तर डाव हरल्याचे वाईट वाटते. बुद्धिबळातील उंटाला गतकाळ नाही आणि प्याद्याला घरदार नाही. सोंगाची गोष्ट निराळी. बहुरूपी पोलिसाचे सोंग घेऊन दारात उभा राहतो, तेव्हा तो पोलिसासारखा बोलतो, दरडावतो, खोटा दंडही लावतो. सोंगटी खेळणाऱ्याच्या बाहेर राहते. सोंग त्याच्या अंगात उतरते. भूमिकाप्रधान खेळाचा सारा इतिहास म्हणजे सोंगटीचे सोंग कसे झाले, याचा इतिहास आहे.

या वाटेवर महाराष्ट्रात एक जुना टप्पा दिसतो, तो मोक्षपटाचा. परंपरेने हा खेळ संत ज्ञानेश्वरांच्या नावाशी जोडला जातो. सापशिडीच्या या जुन्या रूपात शिड्या सद्गुणांच्या आणि साप दुर्गुणांचे असत. खेळता खेळता पापपुण्याची ओळख व्हावी, हा त्यामागील हेतू. परंतु त्यात एक अडचण होती. लोभाचा साप ज्याला गिळे, त्याने लोभ केलेला नसे. दान जसे पडले तसा तो त्या घरात जाऊन पोहोचलेला असे. फळ मिळे, पण कर्म घडलेले नसे. नीतीचा पट मांडला गेला. निवड मात्र खेळणाऱ्याच्या हाती आली नाही.

ती निवड हाती येण्यास बराच काळ जावा लागला. एकोणिसाव्या शतकात प्रशियाचे लष्करी अधिकारी नकाशावर युद्धाचे डाव मांडून सराव करीत. पुढे असे युद्धखेळ युरोप-अमेरिकेत सामान्य लोकांच्या छंदाचा विषय झाले. त्यांत एक सोंगटी म्हणजे सैनिकांची एक तुकडी असे. अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी १९७४ साली ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ प्रसिद्ध केला आणि या मांडणीत एक साधा, पण दूरगामी बदल केला : एक सोंगटी म्हणजे एक माणूस. त्या माणसाला नाव मिळाले. त्याचे बळ, चपळाई, सहनशक्ती, बुद्धी, शहाणपण आणि प्रभाव हे सहा गुण आकड्यांत मांडले गेले. टेबलाभोवती बसलेल्यांपैकी एक जण सूत्रधार होई. तो प्रसंग सांगे आणि इतरांना विचारी, ‘आता तुम्ही काय करता?’ मोक्षपटाने जो प्रश्न कधी विचारला नव्हता, तो येथे प्रथम विचारला गेला.

संगणक आला आणि हा खेळ पडद्यावर गेला. १९८१ साली ‘अल्टिमा’ आणि ‘विझर्ड्री’ हे खेळ अमेरिकेत निघाले. १९८६ साली जपानमध्ये ‘ड्रॅगन क्वेस्ट’ आला. फासे टाकणे, हिशेब ठेवणे, नकाशा लक्षात ठेवणे ही कामे यंत्राने बिनचूक उचलली. सूत्रधाराची जागा मात्र त्याला भरून काढता आली नाही. टेबलापाशी बसलेला माणूस अनपेक्षित उत्तर ऐकून कथा वळवू शकतो. यंत्राला जेवढ्या वाटा आधी आखून दिल्या असतील तेवढ्याच ठाऊक असतात. त्यामुळे संगणकावरील खेळात हिशेबाचे अंग बळावले. शत्रूला हरवले की अनुभवाचे गुण मिळतात, गुण साठले की पात्राची पातळी वाढते, पातळी वाढली की नवे सामर्थ्य येते. ‘ज्यात पात्राची पातळी वाढते तो आरपीजी’, अशी समजूत त्यातूनच रूढ झाली.

ही कसोटी सोपी आहे. पण ती टिकत नाही. २००४ साली निघालेल्या ‘ग्रँड थेफ्ट ऑटो : सॅन अँड्रियास’ या खेळात नायकाने व्यायाम केला तर त्याचे शरीर कमावले जाते, फार खाल्ले तर तो लठ्ठ होतो, गाडी चालवता चालवता त्याचा हात बसतो. आकडे येथेही वाढतात. तरीही त्याला सहसा कोणी भूमिकाप्रधान म्हणत नाही. केवळ वाढत्या आकड्यांनी भूमिका तयार होत असती, तर बँकेचे पासबुक हेही नाटक ठरले असते.

मग कथेची कसोटी लावावी काय? पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या संस्थेने २०२० साली ‘राजी’ हा खेळ जगापुढे आणला. दैत्याने पळवून नेलेल्या धाकट्या भावाला, गोलूला, सोडवण्यासाठी निघालेल्या राजी नावाच्या मुलीची ही कथा. देवदेवतांच्या आख्यानांचे आणि छायाबाहुल्यांच्या परंपरेचे सुंदर उपयोजन तिच्यात आहे. कथा आहे, भावनाही आहे. परंतु राजीने भावाच्या शोधात जायचे की नाही, कोणाशी कसे वागायचे, हे खेळणारा ठरवत नाही. तिचा स्वभाव आणि तिची वाट निर्मात्यांनी ठरवून दिलेली आहे. खेळणाऱ्याने आपल्या बोटांच्या चपळाईने तिला त्या वाटेवरून न्यायचे. म्हणूनच ‘राजी’ला साहसी खेळ म्हणतात. यात तिला कमीपणा नाही. पोवाड्याला कीर्तन म्हटले नाही, म्हणून पोवाड्याची थोरवी घटत नाही.

येथे तिसरी आणि अधिक सूक्ष्म कसोटी पुढे येते : खेळात कोणाचे कौशल्य चालते, खेळणाऱ्याचे की पात्राचे? कबड्डीत दम टिकवायचा तो खेळाडूनेच. मारामारीच्या खेळात ज्याची बोटे चपळ, तो जिंकतो. भूमिकाप्रधान खेळात कुलूप उघडायचे असेल, तर पात्र ती कला शिकले आहे काय, हे पाहिले जाते. खेळणारा कितीही हुशार असला तरी पात्राला न येणारी गोष्ट त्याला करून घेता येत नाही. येथे पात्र हे खेळणाऱ्याचे नुसते हत्यार राहत नाही. त्याला स्वतःच्या मर्यादा असतात आणि त्या मर्यादांचा मान राखावा लागतो. दुसऱ्याच्या मर्यादेतून जग पाहावे लागणे, ही सोंग घेण्याची पहिली पायरी होय.

परंतु सोंग पुरे होण्यास आणखी एक गोष्ट लागते. ती कोणती, हे दिल्लीच्याच एका गल्लीत चांगले कळते. सांगली जिल्ह्यातील खानापूर-आटपाडी भागातील अनेक कुटुंबे गलाईच्या धंद्यासाठी देशभर पसरली आहेत. जुने सोने मुशीत वितळवून, तेजाबाने शुद्ध करून देणे हे त्यांचे काम. दिल्लीच्या सराफ बाजारांतही त्यांच्या भट्ट्या आहेत. शाळा अर्ध्यावर सोडून मामाच्या हाताखाली आलेला एखादा पोरगा दिवसभर भट्टीची धग सोसतो. आसपासचे व्यापारी त्याला ‘छोटू’ म्हणतात. त्याचे नाव विचारण्याची गरज कोणाला भासत नाही. रात्री वरच्या खोलीत तो मोबाइलवर असलाच एखादा खेळ उघडून बसतो. मामा अंथरुणावरून म्हणतो, ‘‘त्यात राजा झालास म्हणून सकाळी भट्टी कोण पेटवणार?’’

पोरगा पडद्यावरची नजर न काढता उत्तरतो, ‘‘राजा कुठला, मामा? त्यातबी चाकरच हाय म्या. पर कुठल्या वाटंनं जायाचं, ते मला इचारत्यात.’’

‘‘आणि वाट चुकली म्हंजे?’’

‘‘मग पुढच्या गावाला ते ठावं असतंय. माणसं तसंच वागत्यात.’’

कोणत्याही अभ्यासकाला हेवा वाटावा, अशी ही व्याख्या आहे. खेळाने विचारले पाहिजे आणि उत्तर लक्षात ठेवले पाहिजे. केवळ दोन दारे दाखवून दोन्हींमागे एकच खोली ठेवली, तर ते विचारणे खोटे. एखाद्या गावकऱ्याला फसवले असेल, तर पुढे त्याच्या भावाने पाठ फिरवली पाहिजे. निवड आणि तिची आठवण या दोन गोष्टी आल्या, की आकडे गौण ठरतात. एस्टोनियातील मंडळींनी घडवलेल्या, २०१९ साली निघालेल्या ‘डिस्को एलिझियम’ या खेळात लढाईची नेहमीची व्यवस्था नाही. स्मृती हरवलेला एक पोलीस तपासनीस माणसांशी बोलतो आणि त्याच्या मनातील २४ गुण त्याच्याशी वाद घालतात. तलवार उपसली जात नाही; तरीही तो अव्वल दर्जाचा भूमिकाप्रधान खेळ मानला जातो.

‘पायरोडॅक्टिल’ या भारतीय संस्थेचा २०१४ सालचा ‘अनरेस्ट’ हा खेळ या दृष्टीने विशेष लक्षणीय आहे. प्राचीन भारताच्या धर्तीवर कल्पिलेल्या, दुष्काळाने गांजलेल्या एका नगराची ही कथा. तिच्यात एकच महापराक्रमी नायक नाही; निरनिराळ्या थरांतील माणसांच्या भूमिका आळीपाळीने घ्याव्या लागतात. त्यांत घरच्यांनी लग्न ठरवलेली शेतकऱ्याची एक मुलगी आहे. तिच्याकडे शस्त्र नाही, मंत्र नाही. आईबापांशी काय बोलावे, कोणते बोलू नये, एवढेच तिच्या हाती. समोरच्याच्या मनात स्नेह, आदर आणि भीती किती आहे, यावर बोलण्याचा परिणाम ठरतो. जिला वाटा थोड्या, तिच्या जागी उभे राहून त्या थोड्यांतून एक निवडणे, हे शंभर राक्षस मारण्याहून कठीण आहे. मोटार चालवणाऱ्याची भूमिका आणि ही भूमिका यांतील अंतर आता स्पष्ट व्हावे.

मग ‘ड्रॅगन क्वेस्ट’सारख्या जपानी खेळांचे काय, असा आक्षेप येईल. त्यांची कथा बहुतांशी ठरलेली असते. तरी त्यांना आरपीजी म्हणण्यास कोणी कचरत नाही. आक्षेप रास्त आहे. त्याचे उत्तर असे, की हा शब्द एका धाग्याचा नाही, तीन पेडांच्या वेणीसारखा आहे. पात्राची क्रमाक्रमाने होणारी वाढ हा एक पेड. पात्राच्या मर्यादेतून खेळणे हा दुसरा. निवड आणि तिचे परिणाम हा तिसरा. कोणत्या खेळात कोणता पेड जाड, हे देशपरत्वे, काळपरत्वे बदलते. ज्यात एकच पेड आहे, त्याला वेणी म्हणता येत नाही. जेथे तीनही पेड सारख्या घट्टपणे गुंफलेले असतात, तेथे खेळ मनावर दीर्घकाळ राहतो.

या खेळांची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. आकडा वाढत असल्याचा आनंद फार चिवट असतो. अनेक मोबाइल खेळ हीच नस धरतात आणि पैसे घेऊन पातळी वाढवून देतात. विकत घेतलेली पातळी म्हणजे घासून गुळगुळीत केलेले पितळ. ते चमकते, पण कसाला उतरत नाही. खेळ आवरता न येण्याच्या विकाराची नोंद जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली आपल्या आजारांच्या वर्गीकरणात केली. रात्र रात्र जागून पात्राची पातळी वाढवणाऱ्याची स्वतःची वाढ थांबली असेल, तर भूमिका त्याच्या हाती राहिलेली नसते. तो पुन्हा सोंगटी झालेला असतो. फासे मात्र दुसऱ्याच्या मुठीत असतात.

गलाईच्या दुकानात कसोटीचा काळा दगड असतो. सोने त्यावर घासतात आणि उमटलेल्या रेषेचा रंग पाहतात. दगड काही बोलत नाही. पारखणाऱ्याला पाहता आले पाहिजे. खेळाची पारखही अशीच करावी. आकडे किती वाढले हे पाहण्याऐवजी, खेळाने काही विचारले काय, दिलेले उत्तर लक्षात ठेवले काय, आणि त्या उत्तराने पात्र बदलले काय, हे पाहावे.

हाच दगड खेळाबाहेरही उपयोगी पडतो. समाज माणसाला भूमिका वाटून देतो : हा छोटू, ही घरची सून, हा शाळा सुटलेला. या भूमिका बहुधा न विचारता दिलेल्या असतात. त्यांच्या मर्यादा खऱ्या असतात. त्या एका रात्रीत पुसल्या जात नाहीत. परंतु दिवसभर भट्टीपाशी राबलेला कोणी रात्री दिव्याखाली पाठ्यपुस्तक उघडतो, परीक्षेचा अर्ज स्वतःच्या हाताने भरतो, विषय स्वतः निवडतो, तेव्हा अर्जावरच्या पहिल्या रकान्यात त्याला आपले पूर्ण नाव लिहावे लागते. बाजाराने कधी न विचारलेले ते नाव तेथे विचारलेले असते. उत्तर त्याने स्वतः द्यायचे असते.