डॅडी किंग यांचं चर्च

लेकीकडे अटलांटाला गेले तेव्हा डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांची समाधी बघायची, एवढंच मनात होतं. आमच्या वर्ध्याच्या घरात बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारी किंग यांचा पेपरातून कापलेला फोटो असायचा. बाबांनी तो पुठ्ठ्यावर खळीनं चिकटवला होता. त्या फोटोतल्या माणसाच्या वडिलांबद्दल मात्र आमच्या घरात कधी कोणी बोललं नव्हतं.

ऑबर्न अव्हेन्यूवर लाल विटांचं एबेनेझर बाप्टिस्ट चर्च आहे. उपासकांची मंडळी १८८६ सालची. आता उपासना रस्त्यापलीकडच्या नव्या इमारतीत होते आणि हे जुनं चर्च १९६० च्या दशकात होतं तसं राखलंय. आत गेलो तेव्हा किंग यांच्या प्रवचनाची ध्वनिफीत चालू होती. माणसं बाकांवर शांत बसून ऐकत होती. लेक माझ्या कानाशी वाकली आणि म्हणाली, "आई, त्यांची आई इथेच गेली. ऑर्गन वाजवताना." त्यानंतर प्रवचनाचा एक शब्दही माझ्या कानात शिरला नाही.

३० जून १९७४, रविवार. अल्बर्टा किंग ऑर्गनवर प्रभूची प्रार्थना वाजवत होत्या. विशीतला एक तरुण उठला आणि त्यानं गोळ्या झाडल्या. त्यात अल्बर्टा गेल्या, एडवर्ड बॉयकिन नावाचे डीकनही गेले. त्याआधी सहा वर्षं, एप्रिल १९६८ मध्ये, थोरल्या मुलाची, मार्टिनची, शवपेटी याच चर्चमध्ये आली होती. जुलै १९६९ मध्ये धाकटा मुलगा, ए. डी., घरच्या पोहण्याच्या तलावात मृतावस्थेत सापडला. तोही याच चर्चमध्ये पाळक होता. आणि या तिघांना निरोप देणारा माणूस त्या मंडळीचा मुख्य पाळक होता. रेव्हरंड मार्टिन ल्यूथर किंग, सीनियर. लोक त्यांना डॅडी किंग म्हणत.

मला माझे बाबा आठवले. आमचा धाकटा भाऊ नागपूर रस्त्यावर ट्रकखाली गेला. खटला अनेक वर्षं चालला. तारखेहून आले की बाबा त्या दिवशी जेवत नसत. ओसरीवर भिंतीकडे तोंड करून बसत. ट्रकवाल्याचं नाव शेवटपर्यंत त्यांच्या ओठांवर होतं. त्यात त्यांचं काही चुकलं असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही. म्हणूनच मला या दुसऱ्या बापाबद्दल जाणून घ्यायचं होतं. परत येईपर्यंत लेकीच्या ग्रंथालयाच्या कार्डावर मिळेल ते वाचत राहिले.

मूळ नाव मायकेल. जॉर्जियातल्या स्टॉकब्रिजजवळ वाट्यानं शेती करणाऱ्या गरीब घरातला मुलगा. बाप दारू प्यायचा, आईवर हात टाकायचा. एकदा मुलगा मधे पडला, बापलेकांची झटापट झाली, आणि पुढे तो घर सोडून अटलांटाला आला. प्रवचन करायला लागला होता, पण लिहिण्या-वाचण्याची बोंब. विशीतला हा गडी शाळेत गेला तर त्याला पाचवीच्या वर्गात बसवलं. पोराटोरांच्या बरोबर! मी तीस वर्षं शिकवलंय. मोठ्या वयात खालच्या वर्गात बसायला किती छाती लागते ते मला माहीत आहे. तिथून तो मोरहाउस कॉलेजात पोचला आणि १९३० मध्ये धर्मशास्त्राची पदवी घेऊन बाहेर पडला.

लग्न १९२६ साली झालं, एबेनेझरचे पाळक ए. डी. विल्यम्स यांच्या मुलीशी. अल्बर्टा शिकलेल्या, शिक्षिका होत्या. अटलांटात तेव्हा लग्न झालेल्या बाईला शाळेत ठेवत नसत, त्यामुळे त्यांना नोकरी सोडावी लागली. त्यांनी चर्चचं संगीत हाती घेतलं आणि ते जन्मभर सांभाळलं. क्रिस्टीन, मार्टिन आणि ए. डी. ही त्यांची तीन मुलं. १९३१ मध्ये सासरे वारले. बाप्टिस्टांमध्ये वरून पाळक नेमणारा बिशप नसतो, मंडळीच आपला पाळक निवडते. एबेनेझरनं जावयाला निवडलं आणि १९७५ पर्यंत, चव्वेचाळीस वर्षं, त्यांच्याकडेच ठेवलं. १९३४ साली ते बर्लिनला बाप्टिस्टांच्या जागतिक परिषदेला जाऊन आले, आणि त्यानंतर बापलेक दोघांचंही नाव मायकेलचं मार्टिन ल्यूथर झालं.

घरात ते कडक होते, मुलांना मारत. ते मला आवडलेलं नाही आणि मी ते झाकणार नाही. पण हाच बाप छोट्या मार्टिनला घेऊन जोड्यांच्या दुकानात गेला, मागच्या खुर्च्यांवर बसा म्हटल्यावर जोडे न घेताच मुलाचा हात धरून बाहेर पडला. काळ्या शिक्षकांना गोऱ्यांइतका पगार मिळावा म्हणून तो लढला. नागरी हक्कांचं आंदोलन मुलानं सुरू केलं असं मी समजत होते. ते घरात आधीच चालू होतं.

सगळ्यात जास्त मी रेंगाळले ते फेब्रुवारी १९५६ च्या एका दिवसापाशी. मार्टिनच्या नेतृत्वाखाली मॉन्टगोमेरीत काळ्या लोकांचा बसवरचा बहिष्कार चालू होता. मार्टिनच्या घरावर बॉम्ब पडून गेला होता, आता अटक व्हायची होती. तो अटलांटाला आला तेव्हा वडिलांनी आपल्या घरी शहरातली वजनदार माणसं जमवली. हेतू एकच, पोराला परत जाऊ द्यायचं नाही. मुलगा म्हणाला, माझी माणसं तिथे आहेत, मला गेलंच पाहिजे. बाप सगळ्यांदेखत रडला. मोरहाउसचे अध्यक्ष बेंजामिन मेज यांनी मुलाची बाजू घेतली. मेज हे नाव वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं, कारण ते १९३६ च्या अखेरीस भारतात आले होते आणि गांधीजींशी बोलायला आमच्या वर्ध्याला येऊन गेले होते. माझ्या गावातून काहीतरी त्या खोलीत पोचलं होतं, असं मला मनापासून वाटतं.

मग बापानं काय केलं? दुसऱ्या दिवशी तो मुलाबरोबर मॉन्टगोमेरीला गेला. अडवता आलं नाही तेव्हा सोबत केली.

बायको गेल्यावरही ते व्यासपीठावर उभे राहिले. मुलाला मारणारा एक गोरा, बायकोला मारणारा एक काळा, अशा दोन माणसांचा मी द्वेष करावा असं लोकांना वाटतं, पण मी करत नाही, या अर्थाचं त्यांनी आत्मचरित्रात लिहिलंय. अल्बर्टांना मारणाऱ्याला फाशीची शिक्षा झाली होती. किंग कुटुंबानं फाशीला विरोध केला आणि १९९५ मध्ये ती जन्मठेपेवर आली. ते बघायला डॅडी किंग नव्हते. नोव्हेंबर १९८४ मध्ये ते वारले.

निघण्याच्या आदल्या दिवशी मी लेकीला म्हटलं, मला साउथ-व्ह्यू दफनभूमीत ने. काळ्या लोकांनी १८८६ साली स्वतःसाठी उभी केलेली ही जागा. मार्टिनलाही आधी इथेच पुरलं होतं, १९७० मध्ये ऑबर्न अव्हेन्यूवर हलवलं. तिथे पाण्यामधल्या त्याच्या समाधीपाशी रोज गर्दी असते. इथे आम्ही दोघीच होतो. लेकीनं फुलं आणली होती, मी ती डॅडी किंग आणि अल्बर्टा यांच्या मधे ठेवली आणि बाबांचं नाव मनात घेतलं.

तुमच्यापैकी कोणी अटलांटाला गेलात तर मुलाची समाधी जरूर बघा. पण तेवढ्यावर परतू नका. साउथ-व्ह्यूला जा. तिथे आईबाप शेजारी शेजारी आहेत.