बेटं मोजू नका, प्रवाळ बघा

जालन्यात अंदमानला जाऊन आलेली माणसं आता पुष्कळ भेटतात. बियाण्यांचे वितरक, स्टीलच्या कारखान्यांतले अधिकारी, निवृत्त शिक्षक, मोसंबी चांगली निघाली त्या वर्षी पहिल्यांदा विमानात बसलेले अंबड-घनसावंगीकडचे शेतकरी. सेल्युलर जेल, सावरकरांची कोठडी, संध्याकाळचा ध्वनी-प्रकाश कार्यक्रम, राधानगरचा किनारा हे सगळं ते डोळ्यांसमोर उभं करतात. प्रवाळाचं विचारलं की म्हणतात, "काचेच्या बोटीतून दाखवलं होतं काहीतरी, दहा-पंधरा मिनिटं." हेच उत्तर इतक्या जणांकडून ऐकलं, की आमचं जायचं ठरलं तेव्हा मी घरात एकच अट घातली. आपण प्रवाळ बघायला जातोय, बाकी सगळं त्याच्या मागून.

या अटीमागे माझी नोकरी आहे. मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवतो. प्रयोगशाळेच्या कपाटात प्रवाळाचा एक पांढराशुभ्र तुकडा आहे, दरवर्षी तो मुलांच्या हातांतून फिरतो. मुलं त्याला दगड समजतात आणि प्रवाळाचा रंग पांढराच असतो असंही समजतात. खरं तर तो सांगाडा. जिवंत प्रवाळ म्हणजे चुन्याच्या घरात राहणारे हजारो बारीक जीव, आणि त्यांच्या पेशींत राहणारी सूक्ष्म शैवालं. शैवाल उजेडावर अन्न तयार करतं, त्यातलं बरंचसं प्रवाळाला मिळतं. रंगही बहुतेक त्या शैवालाचाच. मोठे गोलाकार प्रवाळ वर्षाला साधारण एक सेंटिमीटर वाढतात. म्हणजे माणसाच्या उंचीचा गोळा दिसला तर तो दीड-पावणेदोनशे वर्षांचा असू शकतो. जगाच्या समुद्रतळाचा एक टक्काही भाग प्रवाळांनी व्यापलेला नाही, तरी समुद्रातल्या जातींपैकी जवळपास चतुर्थांश जाती कधी ना कधी त्यांच्या आधाराने जगतात. हे मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आलो, पण डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं. जालन्याहून सर्वांत जवळचा समुद्र चारेकशे किलोमीटरवर.

पर्याय तीन होते: मालवण, लक्षद्वीप, अंदमान. घरातली माणसं चार, आणि चौघांची गरज वेगळी. आई सत्तरी ओलांडलेली, गुडघ्यांनी त्रासलेली. बायकोला दमा. मुलगी छत्रपती संभाजीनगरला कॉलेजात, पोहण्यात तरबेज. मी लहानपणी पाठीला पत्र्याचा डबा बांधून गावच्या विहिरीत पोहायला शिकलेला. अशा घराने एकच सहल निवडायची तर आधी कोण काय करू शकेल हे पाहायला हवं, आणि नेमकं तेच पॅकेज विकणारा विचारत नाही.

पहिल्यांदा आम्ही दिवाळीनंतर मालवणला गेलो. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या खडकांवर प्रवाळ आहेत. १९८७ साली तिथे सागरी अभयारण्य जाहीर झालं, साधारण २९ चौरस किलोमीटरचं. तारकर्लीला पर्यटन महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे. मालवणचं पाणी अंदमानइतकं नितळ नसतं, आणि वारा सुटला की गढूळच होतं. तरीसुद्धा मराठवाड्यातल्या माणसाने पाण्याखालचा पहिला श्वास मालवणलाच घ्यावा, असं माझं ठाम मत झालं आहे. खर्च आवाक्यातला. शिकवणारा मराठीत बोलतो, त्यामुळे भीती वाटली तर ती आपल्या शब्दांत सांगता येते. तोंडाने श्वास घ्यायचा, श्वास कधीही रोखून धरायचा नाही, कान दडपले की नाक चिमटीत धरून हलकेच हवा सोडायची, अंगठा वर केला तर त्याचा अर्थ 'मला वर न्या' असा होतो: या चार गोष्टी अंगवळणी पडल्या की पुढच्या समुद्रात लक्ष स्वतःवरून निघून बाहेर जातं.

मालवणला एक गोष्ट मात्र खटकली. आमच्या होडीवरच्या माणसांनी फोटोत मासे जवळ यावेत म्हणून पाण्यात पाव टाकला. मासे झुंडीने आले, सगळ्यांचे फोटो छान निघाले. पण जे मासे दिवसभर प्रवाळावरचं शेवाळ खरवडून खातात तेच प्रवाळाला स्वच्छ ठेवतात. त्यांना पावाची सवय लावणं म्हणजे त्यांचं काम बंद पाडणं. मी बोललो तेव्हा उत्तर मिळालं की गिऱ्हाइकंच मागतात. ते खोटं नव्हतं. म्हणून हे आपल्याकडूनच थांबायला हवं.

लक्षद्वीपचा विचार मी बरेच महिने केला. भारतातली खरी कंकणाकृती प्रवाळ बेटं तिथेच. ती बेटं उभी आहेत तीच मुळी प्रवाळावर, आणि मधलं लगून उथळ, शांत. जायला प्रवेश परवाना लागतो. कोचीहून सरकारी जहाजाची 'समुद्रम्' सहल निघते: रात्री जहाज चालतं, दिवसा कवरत्ती, कल्पेनी, मिनिकॉय अशा एकेका बेटावर उतरवतात आणि झोपायला परत जहाजावर. पण प्रवाळामुळेच मोठं जहाज अनेक ठिकाणी काठाला लागत नाही. भर समुद्रात हलत्या पायरीवरून लहान बोटीत उतरावं लागतं. आईच्या गुडघ्यांना ते झेपलं नसतं.

मुंबईहून निघणाऱ्या मोठ्या क्रूझचीही चौकशी केली. जहाजावरच्या सोयी उत्तम असतात, आणि समुद्र अनुभवण्यासाठी कुणी जात असेल तर जरूर जावं. परंतु प्रवाळासाठी ती निवड नव्हे. बेटावर मिळतात काही तास, तेही भरतीचे की ओहोटीचे, वाऱ्याचे की शांत, हे आपल्या हातात नसतं. प्रवाळ पाहायला लागते ती वेळ, आणि मोठ्या जहाजावर आपल्या हाती वेळ सोडून सगळं असतं.

आपल्या कोकणासमोर आंग्रिया बँक नावाचं बुडालेलं पठार आहे, हे फार जणांना ठाऊक नाही. विजयदुर्गच्या पश्चिमेला शंभरेक किलोमीटरवर, कान्होजी आंग्र्यांच्या नावाचं. त्याचा माथाच पृष्ठभागाखाली वीसेक मीटरवर आहे, आणि तिथे प्रवाळ आहेत. २०१८मध्ये मुंबई-गोवा मार्गावर 'आंग्रिया' क्रूझ सुरू झाली तेव्हा त्या नावाने माझे कान टवकारले होते. पण ती त्या पठारावर जाणारी सहल नव्हती. ती जागा अशीच लांब आणि अवघड राहिलेली मला बरी वाटते.

अंदमान ठरल्यावर महिन्याचा प्रश्न आला. आपल्या सुट्ट्या दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या. दिवाळीच्या सुमारास अंदमानात परतीच्या मोसमी वाऱ्यांचा पाऊस असू शकतो, आणि मेमध्ये पाणी सर्वांत तापलेलं असतं व महिना संपायच्या आत पावसाळा दाखल होतो. जानेवारी ते एप्रिल हे नितळ पाण्याचे महिने. म्हणून प्रजासत्ताक दिनाला जोडून रजा टाकली.

तयार पॅकेजमध्ये हॅवलॉक आणि नील, म्हणजे आताची स्वराज द्वीप आणि शहीद द्वीप, दोन्ही होती. त्यातलं नील मी काढायला लावलं. एजंट हळहळला, नातेवाईकांनीही विचारलं की इतक्या लांब जाऊन एक बेट सोडायचं? नीलचे किनारे सुंदर आहेत याबद्दल वाद नाही. पण प्रत्येक बेटासाठी अर्धा दिवस सामान बांधण्यात, जेटीवरच्या रांगेत आणि बोटीत जातो. अंदमान पार पूर्वेला असून घड्याळ आपलंच असल्याने तिथे पहाटे पाचच्या सुमारास फटफटतं आणि संध्याकाळी साडेपाचपर्यंत सूर्य मावळतो. पाण्यातली कामं दुपारपर्यंत उरकतात. दुपारी बेटावर पोचणाऱ्याचा तो दिवस प्रवाळाच्या हिशेबात वायाच.

हॅवलॉकला जाताना आम्ही खासगी जलद बोटीने गेलो: वातानुकूलित, खिडक्या बंद, दीडेक तासात पोच. परतीला सरकारी फेरीची तिकिटं मिळाली. वेळ जास्त लागतो, पण डेकवर उभं राहता येतं. पाण्यातून उसळून लांबवर तरंगत जाणारे उडते मासे मला त्या डेकवरून दिसले.

स्कूबा केंद्र निवडताना आम्ही किमतीआधी प्रश्न विचारले. एका शिक्षकाबरोबर किती नवशिके असतात? आधी उथळ पाण्यात सराव घेता का? बोट नांगर टाकून थांबते की बांधलेल्या बोयाला? आरोग्याचा फॉर्म वाचून घेता का? शेवटच्या प्रश्नावर काही ठिकाणी "सही करा, काही होत नाही" असं ऐकलं आणि आम्ही तिथून उठलो. ज्या केंद्रात गेलो तिथल्या शिक्षकाने फॉर्ममधल्या दम्याच्या रकान्यावर बोट ठेवून बायकोला सरळ सांगितलं, "दीदी, आप नीचे नहीं जाएँगी। ऊपर से आराम से देखिए।" हा नकार देणारा माणूस विश्वासाचा, हे तिथेच कळलं. ती स्नॉर्केल लावून, लाइफ जॅकेट घालून वरून पाहत राहिली, आणि उथळ भागातलं तिने माझ्याहून जास्त पाहिलं.

मी आणि मुलगी खाली गेलो. नवशिक्यांना १२ मीटरच्या खाली नेत नाहीत, आणि त्याची गरजही नसते. उजेड वरच्या थरात भरपूर असतो, म्हणून जीवनही तिथेच गजबजलेलं. दहा मीटरवर पाण्यासह एकूण दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो, त्यामुळे उतरताना दर मीटरला कान मोकळे करावे लागतात. खाली लाल रंग विझत जातो, सगळ्यावर निळसर छटा येते. शिक्षकाने टॉर्च लावला आणि राखाडी वाटणारी फांदी एकदम केशरी झाली.

आवाज येईल असं मला वाटलं नव्हतं. कुरकुर, कट्कट् असा सतत आवाज होता. पोपटमासे चोचीसारख्या दातांनी प्रवाळाचा खडक खरवडत होते. तो चुना त्यांच्या पोटातून बारीक वाळू होऊन बाहेर पडतो आणि बेटांच्या पांढऱ्या किनाऱ्यांत मिसळतो. मुलं ज्याला निमो म्हणतात तो मासा समुद्रफुलाच्या विषारी बोटांत निर्धास्त बसला होता. समुद्रफूलही प्रवाळाच्याच संघातलं, हे मी वर्गात सांगतो. एका खडकापाशी मोठा मासा तोंड उघडून स्थिर उभा होता आणि बोटाएवढा निळ्या पट्ट्याचा मासा त्याच्या कल्ल्यांत शिरून किडे टिपत होता. मुलीने माझा हात दाबून धरला. आम्ही कुठेही पुढे गेलो नाही, तिथेच थांबलो.

आणि तिथेच दुसरीही बाजू दिसली. हरणाच्या शिंगांसारख्या फांद्यांचं एक मोठं शेत मोडून पडलेलं होतं, करड्या शेवाळाखाली. पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा अंशभर जरी काही आठवडे जास्त तापलं, तरी प्रवाळ आपल्यातलं शैवाल बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो, यालाच विरंजन म्हणतात. उष्णता लवकर ओसरली तर तो सावरतो, नाही तर उपाशी मरतो. अंदमानात १९९८, २०१० आणि २०१६ साली असं झालं, आणि एप्रिल २०२४मध्ये शास्त्रज्ञांनी जगभरातलं चौथं विरंजन जाहीर केलं. लक्षद्वीपलाही त्या उन्हाळ्यात जबर फटका बसला. त्या मोडक्या शेतावर बोटभर उंचीचे नवे कोंब मी पाहिले. जालन्याने २०१२-१३चा दुष्काळ पाहिला आहे, मोसंबीच्या बागा मुळासकट वाळताना पाहिल्या आहेत. जळालेल्या बागेत पुन्हा फुटवा दिसला की शेतकऱ्याला जे वाटतं ते मला त्या पाण्यात वाटलं.

आईसाठी आम्ही वंडूरहून जॉली बॉयला गेलो. १९८३ साली स्थापन झालेल्या महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानातलं हे बेट. वन विभागाचा परवाना लागतो, माणसांची संख्या मर्यादित असते, मुक्काम नाही, आणि प्लास्टिक नेता येत नाही. वर्षातले काही महिने हे बेट खुलं असतं आणि काही महिने शेजारचं रेड स्किन, म्हणजे एकाला विश्रांती मिळते. बेटाला धक्का नाही; मोठ्या बोटीतून काचेच्या तळाच्या लहान बोटीत उतरतात. तिथले लोक दोन्ही बाजूंनी हात देतात, पाणीही शांत असतं, त्यामुळे आईला ते जमलं. काचेला डोळे लावून ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "हे समदं जितं हाय का रे?" मी हो म्हटल्यावर तिने बोटीच्या तळावरचे पाय उचलून जवळ घेतले.

किनाऱ्यावर पडलेले मेलेल्या प्रवाळाचे तुकडे आमच्यातल्या काही प्रवाशांनी खिशात घातले. प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, तुकडा नेणंही गुन्हा. विमानतळावर सामान तपासतात. सनक्रीमबाबतही जपायला हवं. ऑक्सिबेन्झोनसारखी काही रसायनं प्रवाळाच्या पिलांना घातक ठरतात, म्हणून पलाऊ या देशाने २०२०पासून अशी क्रीम बंद केली. आपल्याला पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट पुरतो.

तेव्हा जालन्याहून जाणार असाल तर एवढं करा. आधी मालवणला श्वास शिका. जानेवारी ते एप्रिलमधली तारीख धरा. यादीतून एक बेट काढून टाका आणि तो दिवस पाण्याला द्या. फॉर्म न वाचता सही मागणाऱ्याकडून उठून या. स्कूबा केल्यानंतर विमानात बसण्याआधी अठरा तासांचं अंतर ठेवा, म्हणजे सेल्युलर जेल शेवटच्या दिवशी पाहा. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना हॉटेलात बसवून जाऊ नका, त्यांना जॉली बॉयला न्या.