झाडाची उंची

१२ एप्रिल १९७०, रविवार. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात ‘डे मॉइन रजिस्टर’ नेहमीसारखा घरोघर पडला आणि पानं उलटता उलटता लोकांचा हात एका पानावर थबकला. अर्धं पान जाहिरातीचं होतं, पण विकायला काहीच नव्हतं. नुसते क्रॉस. रांगेखाली रांग, तिच्याखाली आणखी रांग. मोजायला बसलं तर ७१४ भरत होते. व्हिएतनामच्या युद्धात तोवर गेलेल्या आयोवाच्या पोरांचे, प्रत्येकी एक. सोबत राज्यातल्या आईबापांना उद्देशून मोजके शब्द.

जाहिरात दिली होती पेग आणि जीन मलन या शेतकरी जोडप्यानं. पैसे कुठून आले, हे कळल्यावर ते पान पुन्हा पाहावंसं वाटतं. मुलगा मेल्यावर लष्कर घरच्यांना जी रक्कम देतं, तीच त्यांनी वर्तमानपत्राच्या काउंटरवर मोजली होती. त्या रकमेतून शेताची डागडुजी झाली असती. मलन मंडळींनी तिची शाई केली.

मुलाचं नाव मायकेल. वय २५. ला पोर्ट सिटी नावाच्या लहानशा गावाबाहेर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली शेती, मका आणि सोयाबीनचा मुलूख. पोरगा शिकला, मिसूरी विद्यापीठात पदव्युत्तर अभ्यासाला गेला. तोवर कॉलेजात असणाऱ्यांना लष्करात जाण्यापासून सवलत मिळे. १९६८च्या सुरुवातीला पदव्युत्तर विद्यार्थ्यांची बहुतेक सवलत सरकारनं काढून घेतली आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात मायकेलला बोलावणं आलं.

हे ‘बोलावणं’ मराठीत नीट उतरत नाही. आपल्याकडे भरती म्हटलं की सातारा-कोल्हापूरच्या रस्त्यांवर अंधारात धावणारी पोरं डोळ्यांसमोर येतात. छाती किती भरली, उंची किती कमी पडली, यावरून घराघरात रडारड. भरती ही मिळवायची गोष्ट. स्वतंत्र भारतानं सक्तीची लष्करभरती कधी केलीच नाही, त्यामुळे ‘ड्राफ्ट’ला आपल्याकडे घरगुती शब्द नाही. तिकडे मात्र पोरगा धावत नव्हता, कागद धावत येत होता. कोणाला उचलायचं आणि कोणाला सोडायचं, हे गावागावांतली स्थानिक मंडळं ठरवत. ओळखीपाळखी, कॉलेज, डॉक्टरचा दाखला, सगळं चालायचं. त्यावर ओरड फार झाली, तेव्हा १ डिसेंबर १९६९ला सरकारनं चक्क चिठ्ठ्या टाकल्या. काचेच्या मोठ्या बरणीत ३६६ निळ्या प्लॅस्टिकच्या कुप्या, प्रत्येकीत एक जन्मतारीख. सारा देश टीव्हीसमोर. पहिली तारीख निघाली १४ सप्टेंबर. नंतर संख्याशास्त्रज्ञांनी हिशेब मांडून दाखवला की कुप्या नीट ढवळल्याच नव्हत्या आणि वर्षअखेरीला जन्मलेल्या पोरांच्या तारखा वाजवीपेक्षा लवकर निघाल्या. देवाच्या नावानं चिठ्ठी टाकणारा गुरवसुद्धा याहून बरी ढवळतो.

मायकेलला त्या बरणीशी देणंघेणं नव्हतं. सप्टेंबर १९६९लाच तो व्हिएतनामात पोचला होता.

१८ फेब्रुवारी १९७०ची पहाट व्हायची होती. मायकेलची कंपनी एका टेकडीवर खड्डे खणून रात्रीचा मुक्काम करून होती. अशा वेळी मागचा तोफखाना कंपनीच्या भोवतालच्या ठरावीक जागांवर आधीच गोळे टाकून माप घेऊन ठेवतो, म्हणजे शत्रू आलाच तर अंधारात चाचपडावं लागत नाही. रोजचं काम. माप घेताना अंतर धरतात, जमिनीची उंची धरतात. त्या रात्री टेकडीवरच्या झाडांची उंची धरायची राहिली. कंपनीच्या डोक्यावरून पलीकडे जायचा गोळा शेंड्याला लागला आणि तिथंच फुटला. खाली मायकेल झोपला होता.

तोफ अमेरिकेची, गोळा अमेरिकेचा, चूक अमेरिकेची. इंग्रजीत याला ‘फ्रेंडली फायर’ म्हणतात. हा शब्द ज्यानं पहिल्यांदा काढला असेल त्याला विनोद करायचा नसावा.

शेतावर बातमी घेऊन लष्कराचा एक सार्जंट आला, सोबत गावच्या चर्चचा पाद्री. पाद्रीबुवा बरोबर आहेत म्हटल्यावर विचारायचं काय उरलं? पण पेग मलनला खरा धक्का बसला तो पुढच्या कागदांनी. मायकेलच्या मृत्यूची नोंद ‘नॉन-बॅटल’ म्हणून झाली होती. म्हणजे लढाईत न मेलेला. दर आठवड्याला सरकार लढाईत पडलेल्यांचा आकडा जाहीर करी, वर्तमानपत्रं तो पहिल्या पानावर छापत, त्या आकड्यात तिचा मुलगा नव्हता. जीप उलटून गेलेले, मलेरियानं गेलेले, त्यांच्या रकान्यात तो गेला.

तिथून पेगनं जे आरंभलं त्याला शोक म्हणावं की हिशेबतपासणी, हा प्रश्नच आहे. तिनं पत्रं लिहिली, फोन केले, मायकेलच्या कंपनीतल्या पोरांचे पत्ते मिळवले. उत्तरं अर्धवट येत, एकमेकांशी जुळत नसत आणि दर न जुळलेल्या ओळीगणिक संशय वाढत जाई. ते ७१४ क्रॉस याच काळातले. ते पाहिल्यावर कळतं की ती बाई मोजत होती. सरकारनं एक रकाना आखला होता, तिनं स्वतःचा आखला.

मलनांच्या शेतापासून जवळच, त्याच ब्लॅक हॉक काउंटीत, वॉटर्लू हे शहर आहे. तिथले सलिव्हन बंधू अमेरिकेत पोराटोरांना माहीत. पाच सख्खे भाऊ, एकाच जहाजावर राहू या अटीवर स्वखुशीनं नौदलात गेले आणि १९४२च्या १३ नोव्हेंबरला ग्वाडलकनालच्या लढाईत ‘जुनो’ जहाज बुडालं तेव्हा पाचांपैकी एकही परतला नाही. त्यांची भित्तिचित्रं निघाली, सिनेमा निघाला, युद्धनौकेला त्यांचं नाव मिळालं. त्यांचं दुःख ठेवायला देशाकडे जागा तयार होती. अठ्ठावीस वर्षांनी शेजारच्या गावातून निघालेल्या मायकेलच्या वाट्याला चुकलेलं माप आलं. त्याचं चित्र कोण आणि कसं काढणार?

सी. डी. बी. ब्रायन या लेखकानं ते काढलं. मलन दांपत्याला तो भेटला, मग मायकेलच्या सोबत्यांना, मग अधिकाऱ्यांना. १९७६ साली ‘फ्रेंडली फायर’ हे पुस्तक आलं आणि १९७९ साली त्यावर टीव्हीपट निघाला. देशाला वर्षानुवर्षं हसवणारी कॅरल बर्नेट त्यात पेग झाली. पुस्तकात मायकेलचा बटालियन कमांडरही भेटतो, नॉर्मन श्वार्झकॉफ. होय, तोच, १९९१च्या आखाती युद्धात टीव्हीवर नकाशापुढे उभा राहणारा धिप्पाड सेनापती. पेग आणि जीन त्याला वॉशिंग्टनच्या लष्करी रुग्णालयात जाऊन भेटले होते. समाधान झालं नाही.

ब्रायनचा निष्कर्ष साधा होता: कट नव्हता, लपवाछपवीचा मोठा डाव नव्हता, झाडाची उंची धरायची राहिली. पेगला तो कधीच पटला नाही. १९९५मध्ये तिनं स्वतःचं पुस्तक लिहिलं आणि नाव ठेवलं ‘अनफ्रेंडली फायर’. दोन्ही शेजारी ठेवली तर वाटतं, त्या रात्रीपुरतं ब्रायनचं म्हणणं खरं आणि त्या रकान्यापुरतं पेगचं. आईला डाव सोसला असता, निदान डावात कोणी तरी शत्रू असतो. बोलावून नेलेला पोरगा कोणाच्या तरी विसराळूपणानं जावा आणि वर तो ‘लढाईत नव्हता’ असं लिहून यावं, हे तिला सोसलं नाही. जीन १९८६ साली गेला, पेग २००९मध्ये.

वॉशिंग्टनमध्ये व्हिएतनाम युद्धाचं स्मारक आहे, जमिनीत उतरत जाणारी काळ्या दगडाची भिंत. आराखडा माया लिन या २१ वर्षांच्या विद्यार्थिनीचा, १४२१ प्रवेशिकांतून निवडलेला. १३ नोव्हेंबर १९८२ला ती लोकार्पण झाली, सलिव्हन भावांना जाऊन बरोबर चाळीस वर्षं झाली त्या दिवशी. हा निव्वळ योगायोग. दगडाची गोष्ट मात्र ऐकण्यासारखी. काळा ग्रॅनाइट स्वीडन आणि कॅनडातही उत्तम मिळतो, पण ड्राफ्ट चुकवणारी पोरं त्याच देशांत पळाली होती म्हणून तो घ्यायचा नाही असं ठरलं, असं सांगतात. मग दगड आला बंगळूरजवळच्या खाणींतून. तो व्हरमाँटमध्ये कापून घासला, मेम्फिसमध्ये त्यावर नावं कोरली. घासून असा आरसा केलाय की नाव शोधणाऱ्याला अक्षरांमागे स्वतःचा चेहरा दिसतो. लोक कागद लावून त्यावर पेन्सिल घासतात आणि नाव घरी नेतात.

५८ हजारांहून जास्त नावं आहेत. हुद्दा नाही. ड्राफ्टनं आलेला की आपणहून आलेला, तेही नाही. मेल्याची खात्री झालेल्याच्या नावाशेजारी शंकरपाळ्याच्या आकाराची बारीक खूण, बेपत्ता असलेल्याशेजारी क्रॉस. नावं मृत्यूच्या तारखेच्या क्रमानं लागतात आणि एकाच दिवसाची असतील तर आडनावाच्या आद्याक्षरानं. शत्रूच्या गोळीनं गेलेला, जीप उलटून गेलेला, आपल्याच तोफेनं गेलेला, सगळे एकाच ओळीत. मायकेल ई. मलन हे नाव पश्चिमेकडच्या भिंतीवर आहे, १८ फेब्रुवारी १९७०च्या नावांमध्ये, ‘एम’ येतो त्या जागी.