घाणा आणि भट्टी

निवृत्तीनंतर वेळ कसा घालविता, असे इस्राएलमधील आमचे नातेवाईक फोनवर नेहमी विचारतात. नातवंडे, बागकाम, प्रार्थनामंदिराची कामे ही उत्तरे त्यांच्या परिचयाची आहेत. पण आम्ही उभयता गावोगावच्या लहान भट्ट्यांत जाऊन बिअरची चव घेतो आणि त्या धंद्याच्या बातम्या वाचतो, असे सांगितले की पलीकडचा माणूस गप्प होतो. जन्मभर रुग्णालयात नर्स म्हणून राबलेल्या बाईला हा काय छंद लागला, असे त्यांना वाटत असणार. वाटणे साहजिकच आहे. म्हणून चार शब्द खुलाशादाखल लिहीत आहोत.

प्रथम 'भट्टी' या शब्दाविषयी. आपल्याकडे भट्टी म्हटली की हातभट्टी आठवते, आणि दारूबंदीच्या दिवसांत मुंबईत वाढलेल्या माणसांना पोलिसांची धाडही आठवते. इंग्रजी 'ब्रूअरी'ला घरात बोलताना आम्ही सवयीने भट्टी म्हणतो इतकेच. हातभट्टीत दारूची वाफ करून ती पुन्हा थंड करतात. बिअरमध्ये तसे काही नसते. जव भिजवून मोड आणावयाचे, ते वाळवून भाजावयाचे, भरडून गरम पाण्यात ठेवून त्यांची साखर पाण्यात उतरवावयाची. मग ते पाणी गाळून हॉप्स नावाच्या वेलीची फुले घालून उकळावयाचे. निवल्यावर त्यात यीस्ट सोडले, की ते साखर खाऊन मद्यार्क व कर्बवायू तयार करते. उबेत थोड्या दिवसांत आंबते ती एल, थंडीत कित्येक आठवडे सावकाश आंबते ती लागर. आंबोळीचे पीठ रात्रभर झाकून ठेवणाऱ्या कोणत्याही गृहिणीला यात समजण्यास कठीण असे काही नाही. जव किती भाजले यावर रंग ठरतो, आणि हॉप्सचा कडवटपणा म्हणजे आपल्या मेथीचाच चुलतभाऊ.

आमचे लक्ष या धंद्याकडे वळले ते मात्र चवीमुळे नव्हे, घाण्यामुळे. आपले पूर्वज कोकणात शनिवार तेली म्हणून ओळखले जात, हे या मासिकाच्या वाचकांना सांगावयास नको. आमच्या आजोबांच्या वेळीच घरचा घाणा बंद पडला होता. आजी सांगत असे ते एवढेच, की बैलाच्या डोळ्यांना झापड बांधीत, लाट फिरताना होणाऱ्या आवाजावरून तेल सुटू लागल्याचे कळे, आणि पेंड गुरांना घालीत. पुढे तेलाच्या गिरण्या आल्या, डब्यातले तेल स्वस्त मिळू लागले, आणि घाणे अंगणात कुजून गेले. आता पुण्या-मुंबईत 'लाकडी घाण्याचे तेल' अशी पाटी लावून तेच तेल चढ्या भावाने विकतात.

अमेरिकेतील बिअरची कथा हुबेहूब हीच आहे. १८७३ साली या देशात चार हजारांहून अधिक भट्ट्या होत्या. बहुतेक गावाची आपली एक भट्टी असे. १९२० ते १९३३ अशी तेरा वर्षे देशभर दारूबंदी झाली. बंदी उठली तेव्हा पुष्कळशा भट्ट्या पुन्हा उभ्याच राहिल्या नाहीत. ज्या राहिल्या, त्यांना मोठ्या कारखान्यांनी गिळले. १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस शंभरही भट्ट्या उरल्या नव्हत्या, आणि देशभर जवळजवळ एकाच चवीची फिकी बिअर मिळत असे.

या ओहोटीत काही हट्टी माणसे निघाली. फ्रिट्झ मेटॅग हा कपडे धुण्याच्या यंत्रांच्या कारखानदार घराण्यातला तरुण. सॅन फ्रान्सिस्कोची अँकर ही जुनी भट्टी बंद पडण्याच्या बेतात असताना १९६५ साली त्याने तिचा अर्ध्याहून अधिक हिस्सा घेतला आणि ते काम स्वतः शिकला. १९७६ साली जॅक मॅकॉलिफ याने सोनोमा येथे न्यू अल्बियन नावाची अगदी लहान भट्टी स्वतःच्या हातांनी उभारली. १९७८ साली राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी घरच्या वापरापुरती बिअर घरी करण्यास मोकळीक देणाऱ्या कायद्यावर सही केली; दोन प्रौढांच्या घराला वर्षाकाठी २०० गॅलन चालतात. अनेक नामांकित भट्ट्यांची सुरुवात अशी घरच्या स्वयंपाकघरात झाली. केन ग्रॉसमन याने १९८० साली चिको गावी सिएरा नेवाडाची पहिली बिअर काढली ती दुग्धालयांतून निघालेली जुनी भांडी जोडून. आज या देशात नऊ हजारांहून अधिक भट्ट्या आहेत. तरी देशात खपणाऱ्या एकूण बिअरपैकी या लहान मंडळींचा वाटा सुमारे १३ टक्केच आहे. बाकीची अजून मोठ्यांचीच किंवा परदेशची.

या मंडळींत आपल्या धर्मबांधवाची गोष्टही आहे. जेरेमी कोवन याने १९९६ च्या हनुक्कासाठी डाळिंबाचा रस घालून बिअरची शंभर खोकी तयार करविली, हातांनी बाटल्या भरल्या, आणि आजीच्या मोटारीत घालून दुकानोदुकानी पोहोचविली. नाव ठेवले 'ही-ब्रू'. इंग्रजीत त्याचा अर्थ 'तो बिअर गाळतो' असा, आणि कानाला ऐकू येते हिब्रू! पुढे २०१३ साली त्याने आमच्या आल्बनी शहराजवळ क्लिफ्टन पार्कला स्वतःची भट्टी काढली, २०१८ साली ती विकली, आणि २०२१ साली, पंचवीस वर्षे पुरी झाल्यावर, तो उद्योग आवरता घेतला.

कोशेरचे काय, असे कोणी विचारील. नुसते जव, हॉप्स, पाणी व यीस्ट एवढ्यांची बिअर असेल तर सहसा अडचण येत नाही. द्राक्षाच्या दारूसारखे तिचे कडक नियम नाहीत. पण हल्ली बिअरमध्ये काय घालतील याचा नेम नाही. 'मिल्क स्टाउट' नावाच्या काळ्या बिअरमध्ये दुधातली साखर घालतात. यीस्ट ती खाऊ शकत नाही म्हणून गोडी उरते. अशी बिअर मांसाच्या जेवणाबरोबर चालावयाची नाही. आणि पेसाहात तर जवाची बिअर मुळीच नाही. आपले जुने लोक पेसाहाला 'अनाशी ढाकाचा सण' म्हणत, म्हणजे आंबट रसाची बरणी झाकून ठेवावयाचा सण. किद्दुशला मात्र आमच्याकडे अजून काळ्या मनुकांचे सरबतच असते. तेथे आम्ही काही बदल केलेला नाही.

आता नर्सचे म्हणणे. भट्टीत चार लहान पेले लाकडी फळीवर मांडून देतात. प्रत्येकी चार औंस धरले तर सोळा औंस होतात. येथील हिशेबाने पाच टक्क्यांची बारा औंस बिअर म्हणजे एक मात्रा, तिच्यात १४ ग्रॅम मद्यार्क असतो. म्हणजे पेले दिसावयास भातुकलीचे, पण एकटीने संपविले तर एका मात्रेहून जास्त होते. आणि काही बिअर सात किंवा दहा टक्क्यांच्याही असतात. म्हणून आम्ही दोघांत एकच फळी घेतो. मोटार जो चालविणार तो वास घेतो, घोटभर चाखतो आणि थांबतो. महिन्यातून एकदा, जास्त नाही.

हे नियम पुस्तकातून आलेले नाहीत. पोटात पाणी होऊन फुगलेली, डोळे हळदीसारखे पिवळे झालेली माणसे आम्ही वर्षानुवर्षे वॉर्डात पाहिली, त्यांच्या बायकांना बाहेरच्या बाकावर बसलेले पाहिले. रोज थोडी घेतली तर प्रकृतीला बरी, असे म्हणणाऱ्यांशी आम्ही तेव्हाही वाद घातला आहे. जानेवारी २०२५ मध्ये तेव्हाचे सर्जन जनरल डॉ. विवेक मूर्ती यांनी जाहीर केले, की मद्यामुळे अमेरिकेत दरवर्षी सुमारे एक लाख लोकांना कर्करोग होतो व वीस हजार त्याने दगावतात. त्याच वर्षीच्या गॅलपच्या पाहणीत मद्य घेतो असे सांगणारे प्रौढ ५४ टक्केच निघाले; जवळजवळ नव्वद वर्षांतला हा नीचांक. ही बातमी वाचून आम्हांला मनापासून बरे वाटले.

आणि त्याच आठवड्यात वाईटही वाटले. कारण लोक कमी पिऊ लागले, तर पहिली कुऱ्हाड मोठ्या कारखान्यावर पडत नाही, गावातल्या लहान भट्टीवर पडते. २०२४ साली या देशात जितक्या लहान भट्ट्या उघडल्या त्यांहून अधिक बंद झाल्या. वीस वर्षांत असे घडले नव्हते. २०२५ साली बाहेरून येणाऱ्या ॲल्युमिनियमवरील जकात आधी २५, मग ५० टक्के झाली, आणि डब्यांचा खर्च अंगावर आला. आमच्या घराजवळची भट्टीही गेली. नवरा, बायको आणि एक मदतनीस मिळून चालवीत. वापरून झालेला जवाचा चोथा जवळचा शेतकरी गुरांसाठी घेऊन जाई. तो चोथा पाहिला की आम्हांला आजीची पेंड आठवे. शेवटच्या दिवशी मालकीणबाईने पातेली घासूनपुसून उपडी घातली होती. नर्स म्हणून आनंद आणि तेल्याची नात म्हणून हळहळ, ही दोन्ही एकाच मनात कशी राहतात, ते त्या दिवशी आम्ही अनुभवले.

यातून वाट नाही असे नाही. २०१७ साली स्थापन झालेली कनेटिकट राज्यातील ॲथलेटिक ही भट्टी जवळजवळ मद्यार्क नसलेलीच बिअर करते, आणि ती चांगली खपते. जिभेला कसब कळते, यकृताला त्रास नाही. आता आमच्या फळीवर अशी एक तरी बिअर आम्ही मागून घेतो.

पण आमच्या मनात घर करून राहिली ती न्यू अल्बियनची गोष्ट. मॅकॉलिफची ती भट्टी १९८२ साली बुडाली. तरी तिचे यीस्ट कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संग्रहात जपून ठेवलेले होते. तीस वर्षांनी बॉस्टनच्या जिम कोक यांनी म्हाताऱ्या मॅकॉलिफला बोलावून, तेच यीस्ट वापरून, त्याच्याच पद्धतीने ती बिअर पुन्हा केली, आणि २०१३ साली ती देशभर विकावयास आली. धंदा बुडाला होता, पण विरजण व कृती शिल्लक होती, म्हणून हे होऊ शकले.

आपल्या घाण्याचे काय शिल्लक आहे? लाट कोणत्या लाकडाची करीत, तीळ किती वेळ दळीत, खोबऱ्याला किती ऊन दाखवीत, शनिवारी बैल सुटा असे तेव्हा गावकरी काय म्हणत? आजीने सांगितले तेवढे आम्ही वर लिहिले आहे. अशदोद, दिमोना, लोद येथे ऐंशी-नव्वदीतील वडीलधारी मंडळी आहेत. पेण, रोहे, रेवदंडा या गावांत त्यांचे बालपण गेले आहे. ज्यांच्या घरी अशी मावशी, आत्या किंवा काका असतील, त्यांनी या शब्बाथनंतर त्यांच्याजवळ बसून विचारावे, आणि जे कळेल ते दोन ओळींत का होईना, या मासिकाकडे पाठवावे. आम्ही ते वहीत उतरवून ठेवणार आहोत.