कातडीवरून नव्हे, आडनावावरून

दौंड-पुणे डेमूत शेजारच्या काकांनी शेंगदाण्यांचा पुडा पुढे केला आणि आडनाव विचारले. आम्ही सांगितले. "वाटत नाही हो तुम्ही!" आम्ही रंगाने गोरे, म्हणून. पुडा मात्र हळूच मागे गेला.

त्याच आठवड्यात शिरूरच्या अभ्यासवर्गात एक तरुण ठासून म्हणाला, "आपण भारतातले काळे, ते गोरे आर्य." टाळ्या पडल्या. आम्हांला टाळी वाजवता आली नाही.

मित्रांनो, पंजाबचा ब्राह्मण आणि पंजाबचा चांभार यांच्यात वंशाचा फरक कोणता, हे बाबासाहेबांनी १९३६ मध्येच विचारले होते. १९४८ मध्ये तर नाकांची मोजमापे मांडून त्यांनी अस्पृश्यतेचा वांशिक सिद्धांत खोडून काढला.

अमेरिकेत तरी काळेपणा निव्वळ कातडीचा कुठे होता? होमर प्लेसी आठपैकी सात हिश्शांनी गोरे. १८९२ मध्ये ते लुइझियानात गोऱ्यांच्या डब्यात बसले. आपण 'रंगीत' आहोत हे त्यांनी स्वतः सांगितले आणि अटक झाली. १८९६ मध्ये सुप्रीम कोर्टही त्यांच्या विरोधात गेले. आज तिथे 'ब्लॅक' म्हणवणाऱ्यांत गुलामांचे वंशज आहेत, तसे जमैकाचे आणि नायजेरियाहून परवा आलेलेही. आणि आपल्या जंजिऱ्यात? आफ्रिकी वंशाचे सिद्दी नवाब होते!

बाबासाहेबांनी १९४६ मध्ये डु बॉईस यांना पत्र लिहिले ते दोघांच्या समाजांची स्थिती सारखी म्हणून. पँथरचे नाव १९७२ मध्ये घेतले तेही त्याच नात्याने.

वर्ग सुटल्यावर त्या तरुणाने विचारले, "मग सर, त्या काकांना काय सुनावलंत?"

काहीच नाही. उरुळी येईपर्यंत आम्ही खिडकीबाहेर पाहत बसलो होतो.