उत्तनचा दोर

भाईंदर स्टेशनहून उत्तनच्या रस्त्याला लागलं की मुर्धा येतं, मग राई, मग मोर्वा. आमचं घर राईला. रस्त्याच्या दोन्ही अंगांना मिठागरं. 1985 साली नगरपालिका आली, 2002 साली तिची महानगरपालिका झाली, इमारती स्टेशनाकडून सरकत सरकत आल्या, पण आमच्याकडे वारा खाडीचाच. खारा. दाराच्या कड्या, सायकलची चेन, पत्र्याचे खिळे सगळं खाऊन टाकणारा. ही गोष्ट त्या वाऱ्यामुळेच घडली.

आजा मिठागरात राबला, बाबाही तरुणपणी राबला. पाठीवर मिठाच्या टोपल्यांचे वण होते त्याच्या. पुढे तो ड्रायव्हर झाला आणि नव्वदच्या दशकात त्याने जुनी मारुती आठशे घेतली. पांढरी. दिवसा भाडी मारायचा. रात्री मात्र ती गाडी गावाची. कुणाला कळा लागल्या, कुणाला जनावर चावलं, की आमच्या दारावर थाप. बाबा गंजीवरच उठून चावी घ्यायचा. पैसे कधी मिळत, कधी नाही.

1999 च्या मे महिन्यात गाडी टकटक करायला लागली. बाबाने व्हॉल्व्हचा गॅप लावला, दोन दिवस बरी, तिसऱ्या दिवशी पुन्हा टकटक. सकाळी स्टार्ट केली की मागून निळा धूर. वरचं झाकण उघडून बाबाने कॅमवरून बोट फिरवलं आणि माझंही बोट धरून तिथे नेलं. एका उंचवट्याचं नाक झिजून चपटं झालं होतं. नखाला खाच लागत होती. त्यावर चालणारा रॉकरही खाल्लेला. मधे कधीतरी ऑइल कमी पडलं असणार.

"कॅम बदलाया लागल," बाबा म्हणाला. "आनि धूर मारतंय म्हंजे व्हॉल्व्हचे सीलपन गेलेत."

सील बदलायचे तर व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा काढायला हव्यात. सरळ रस्ता म्हणजे हेड उतरवायचं, टेबलावर घ्यायचं आणि काम करायचं. पण हेड उतरवायचं तर सायलेन्सरच्या बाजूचे नट सोडायला हवेत, आणि ते खाऱ्या वाऱ्याने असे गंजले होते की पाना लावला तर स्टडच तुटायचे. तुटले की ड्रिल, नवे आटे, नवं गॅस्केट, हेड घासायचा खर्च. गॅरेजवाल्याने आठ-दहा दिवस सांगितले. इकडे वहिनीला नववा महिना लागलेला. दादा बोटीवरच्या नोकरीत, घरी नव्हता. बाबा एवढंच म्हणाला, "पावसाच्या आत गाडी झाली पायजे."

म्हणजे हेड जागेवर ठेवून, गाडीतच काम करायचं. त्यासाठी हवा स्प्रिंग दाबायचा कॉम्प्रेसर. तो आणायचं काम माझ्याकडे आलं. मी तेव्हा आयटीआयला होतो. मशीनमधलं आपल्याला बापापेक्षा जास्त कळतं असं वाटण्याचं ते वय.

मरीन लाइन्सला उतरून चालत नागदेवी स्ट्रीटला गेलो. हत्यारांची ती गल्ली ज्याने बघितली आहे त्याला सांगायला नको. पान्यांचे डोंगर, पुलरचे घोस. दुकानदाराने तीन नमुने पुढ्यात टाकले. एक इंग्रजी सी सारखा मोठा शिकंजा, जाड, चकचकीत. दुसरी साधी तरफ, टोकाला आकडा आणि मधे स्प्रिंगच्या टोपीवर बसणारा दोन बोटांचा पंजा. तिसरा दोन नख्यांनी स्प्रिंगचे वेढे पकडून आवळायचा. मी वजनाला भुललो. शिकंजा घेतला. बाबाने दिलेल्या पैशातले साडेतीनशे गेले.

घरी येऊन बोनेटखाली धरला आणि पहिल्याच मिनिटाला अंगाला घाम सुटला. शिकंज्याचा एक पाय वरून स्प्रिंगच्या टोपीवर बसतो, दुसरा खालून व्हॉल्व्हच्या तोंडाला टेकतो. खालून म्हणजे सिलिंडरच्या आतून. हेड उतरवलेलं असेल तरच तो पाय तिथे पोचणार! जे टाळायचं म्हणून हत्यार आणलं, तेच केल्याशिवाय ते चालत नव्हतं.

बाबा बोनेटवर हात टेकून बघत होता. बोलला काहीच नाही. शिकंजा पुसला, भिंतीच्या खुंटीला टांगला आणि म्हणाला, "चल, उत्तनला जाऊ."

उत्तनला बाबाचा दोस्त होता, बोटीवरचा तांडेल. मे महिन्याची अखेर, बोटी बंदरात ओढून घ्यायची घाई. तांडेल जाळ्यांच्या ढिगावर बसून ऐकत होता. मी कुठला कॉम्प्रेसर घ्यायला हवा होता यावर पुस्तकी भाषेत बोलत होतो. त्याने मला मधेच थांबवलं.

"वरशी दाबशील रं, पन खालशी कोन धरल?"

प्रश्न खरा तो होता. स्प्रिंग दाबली की तिच्या टोपीतले दोन बारके कॉटर सुटतात. ते सुटले की व्हॉल्व्हला वर धरणारं काही उरत नाही. तो सरळ सिलिंडरमध्ये पडतो आणि मग हेड उतरवल्यावाचून गत्यंतर नाही. मी तीन हत्यारांची तुलना करत बसलो होतो. ती तिन्ही वरून दाबणारी. त्यातलं एकच खालून धरतही होतं, पण हेड उघडून.

काही मिस्त्री प्लगच्या भोकातून हवा भरून व्हॉल्व्ह वर धरतात. बाबाला ते पटलं नाही. पंक्चरवाल्याचा पंप आणायचा, आणि कॉटर सुटलेले असताना लाइट गेली तर? आमच्याकडे मे महिन्यात लाइट किती वेळा जायची ते आम्हालाच ठाऊक. तांडेलाने जाळ्याच्या सामानातून करंगळीएवढा मऊ नायलॉनचा दोर काढला, दीड हात तोडला, टोक दोऱ्याने गुंडाळून बांधलं. "काथ्या नको, सुतळी नको. कुसं आत ऱ्हातान."

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा नागदेवीला गेलो आणि तरफ आणली. ती शिकंज्याच्या निम्म्या किमतीत आली. परत येताना नवा कॅम, एक रॉकर आणि सीलचा सेट घेतला.

बाबाने टायमिंगचा पट्टा उतरवला, रॉकरच्या दोन्ही दांड्या ओढून रॉकर काढले, डिस्ट्रिब्युटरच्या बाजूने जुना कॅम बाहेर घेतला. रॉकर नाहीत म्हणजे सहाच्या सहा व्हॉल्व्ह बंद. मग दांड्या नुसत्याच परत सरकवल्या. तरफेच्या आकड्याला टेकू हवा, तो या दांड्यांनी दिला. पिस्टन थोडा खाली घेऊन प्लगच्या भोकातून दोर आत सोडला, शेवटचं टोक गाठ मारून बाहेर ठेवलं. मी खालून पुलीला पाना लावून हळूहळू फिरवलं. पिस्टन वर आला, दोर दाबला गेला आणि पाना अडला. आता व्हॉल्व्ह दोराच्या गादीवर बसले होते.

आईने जुन्या लुगड्याच्या चिंध्या दिल्या. त्या ऑइल खाली उतरायच्या भोकांत कोंबल्या, कॉटर आत जाऊ नये म्हणून. बाबाने स्प्रिंगच्या टोपीवर हातोडीची हलकी टिचकी मारली, म्हणजे चिकटलेले कॉटर सुटतात. मग तरफ दाबली. मी चुंबकाने दोन्ही कॉटर उचलले. व्हॉल्व्ह जागचा हलला नाही. मी श्वास धरून होतो ते तेव्हा कळलं.

जुना सील काढला, दगडासारखा कडक झालेला. नवा बसवला. कॉटर परत बसवताना ग्रीसचा ठिपका लावायचा, म्हणजे ते दांड्याला चिकटून राहतात. एका सिलिंडरचे दोन झाले की दोर काढायचा आणि पुढच्यात घालायचा. तीन सिलिंडरची गाडी, प्रत्येक पिस्टन दुसऱ्यापासून फेऱ्याचा तिसरा हिस्सा पुढे-मागे. पाचव्या व्हॉल्व्हला माझ्या हातून एक कॉटर उडाला. टिंग झालं आणि गप्प. मी रडायच्या बेताला आलो. बाबाने कंदील जवळ घेतला, चिंध्या एकेक करून उचलल्या. आईच्या लुगड्याच्या घडीत तो सापडला.

"घे," बाबा म्हणाला. "आता हात कापू देव नको."

नवा कॅम ऑइलने माखून आत घातला, खाल्लेला रॉकर बदलला, पट्टा खुणेला खूण जुळवून चढवला, गॅप लावला. स्टार्टर मारायच्या आधी बाबाने दोर मोजून माझ्या हातात दिला. "दोर भायेर हाय, मंगच चावी." संध्याकाळी गाडी चालू झाली. टकटक नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मागे जाऊन उभा राहिलो. धूर नव्हता.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, धो धो पावसात, रात्री वहिनीला कळा लागल्या. या वेळी थाप आमच्याच आतल्या दारावर. रस्त्यावर पोटरीभर पाणी. बाबाने एका सेल्फमध्ये गाडी उठवली. पहाटे भाईंदरला पुतणी झाली.

साडेतीनशे रुपयांबद्दल बाबा कधी बोलला नाही. शिकंजा बरीच वर्षं खुंटीला होता. पुढे त्या गाडीचं हेड एकदा उतरवावंच लागलं, तेव्हा बाबाने तो खाली काढला, माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "घे, आता तुझ्या हत्याराची पाली."

बाबा आता नाही, गाडीही नाही. तरफ माझ्या पेटीत आहे, आणि तिला गुंडाळलेला तो दीड हात दोर. काळा पडलाय, पण अजून मऊ आहे.