वाक्यात उपयोग करा

आमच्या पिंजाऱ्याच्या घरात पैशांची वाण होती, भाषांची नव्हती. घरात दखनी, शाळेत आणि बाजारात मराठी, मशिदीशेजारच्या मदरशात अरबी. अरबीचे उच्चार मौलानांनी घोटून घेतलेले, पण अर्थ ठाऊक नसायचा. पाचवीत इंग्रजी आलं आणि नेमकं उलटं झालं. अर्थ तोंडपाठ, उच्चार मात्र अंदाजपंचे! आमच्या वेळी मराठी शाळेत इंग्रजी पाचवीपासून असे. पहिलीपासून ते सुरू झालं २००० साली.

शब्दार्थाच्या वहीत दोन रकाने असायचे. डावीकडे स्पेलिंग, उजवीकडे अर्थ. रोज दहा शब्द पाठ करायचे. सोमवारचे शब्द गुरुवारपर्यंत डोक्यातून उडून जायचे. परीक्षेत हमखास प्रश्न यायचा, 'खालील शब्दांचा वाक्यात उपयोग करा.' मी गाइडमधली वाक्यं पाठ करून उतरवायचो. त्या वाक्यांत राम आंबा खायचा, सीता गाणं म्हणायची, गोपाळ नदीवर जायचा. रामाबद्दल माझी काहीच तक्रार नव्हती, वर्गातला राम तर माझ्याच बाकावर बसायचा. पण त्या वाक्यांत कुणाचे अब्बा कापूस पिंजत नव्हते, कुणाची अम्मी गादीला टाके घालत नव्हती, कुणाच्या घरी ईदला शिरखुर्मा होत नव्हता. त्यामुळे इंग्रजी म्हणजे दुसऱ्यांच्या घरात बोलायची भाषा, असं मनात पक्कं बसलं होतं.

आठवीत एक सर आले. ते म्हणाले, "गाइडातलं वाक्य नको. तुझ्या घरातलं आण." मला अब्बांच्या कामाविषयी लिहायचं होतं, पण पिंजण्याला इंग्रजीत काय म्हणतात ते कुठं ठाऊक होतं? सर म्हणाले, "डिक्शनरीत 'कार्ड' बघ." मला वाटलं, चेष्टा करतायत. कार्ड म्हणजे रेशनकार्ड, फार तर पोस्टकार्ड. पण लायब्ररीतल्या जाडजूड कोशात खाली क्रियापद म्हणून अर्थ दिलेला होता, 'लोकर किंवा कापूस पिंजणे.' मूळ शब्द म्हणे एका काटेरी झाडाच्या लॅटिन नावावरून आलेला. तिकडे दातेरी फण्यांनी पिंजत, इकडे धनुकलीनं. मी वाक्य लिहिलं, 'माय फादर कार्ड्स कॉटन विथ अ बो.'

संध्याकाळी ते अब्बांना वाचून दाखवलं. धनुकलीची तात थांबली. अंगावरचा कापूस झटकत अब्बा म्हणाले, "मेरा काम अंग्रेजी में बी है क्या?"

"है अब्बा. डिक्शनरी में लिखेला है."

ते काही बोलले नाहीत. पण त्या दिवशी दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला माझ्याकडून ते वाक्य ऐकवून घेतलं. पुढे परीक्षेत तेच वाक्य लिहिलं, तर दुसऱ्याच एका तपासनिसांनी त्यावर लाल रेघ मारली. 'कार्ड' हे नाम आहे, असा शेरा. मी कोश दाखवला, तरी गुण काही वाढले नाहीत. शब्द मात्र आजतागायत विसरलो नाही.

मग मला कोश चाळायचा नादच लागला. आमच्या दुकानातल्या किती वस्तूंची इंग्रजी नावं मुळात अरबी निघाली! कॉटन हा शब्द 'कुत्न'वरून आलेला. मॅट्रेस 'मतरह'वरून, म्हणजे खाली टाकण्याची जागा. सोफा 'सुफ्फा'वरून, म्हणजे अंथरलेला ओटा. स्पेन, इटली, फ्रान्सच्या वाटेनं हे शब्द इंग्रजीत जाऊन बसले. जाड कापडाची डंगरी तर आपल्या मुंबईच्या डोंगरीवरून. मराठीत तरी वेगळं काय आहे? दप्तर, कागद, शाई, अर्ज, वकील ही सारी फारसी-अरबीच्या घरून आलेली मंडळी. आज त्यांना कुणी पाव्हणं म्हणत नाही. शब्दाला वतनदार नसतो. जो वापरील त्याचा तो होतो.

पण वापरायचा कसा, हे नुसत्या अर्थावरून कळत नाही. मराठीत आपण 'कडक चहा' म्हणतो. कोशात 'कडक'ला 'हार्ड' सापडेल, पण 'हार्ड टी' कुणी म्हणत नाही, 'स्ट्राँग टी' म्हणतात. जोराच्या पावसाला मात्र 'स्ट्राँग रेन' चालत नाही, तिथं 'हेवी रेन' लागतं. कोणता शब्द कुणाच्या सोबतीनं चालतो, ते वाक्यातच दिसतं. मोठमोठ्या कोशकारांनी हे ओळखलं होतं. सॅम्युएल जॉन्सननं १७५५ सालच्या आपल्या कोशात थोरामोठ्यांच्या ग्रंथांतून वेचलेली हजारो वचनं दिली. ए. एस. हॉर्नबी जपानमध्ये इंग्रजी शिकवायचा. परभाषक मुलांची अडचण त्यानं डोळ्यांनी पाहिली होती. त्याचा कोश १९४२ साली टोकियोत निघाला आणि १९४८ साली ऑक्सफर्डनं तो छापला. आज ऑक्सफर्डचा जो लर्नर्स कोश मुलं वापरतात, त्याचं मूळ तिथं आहे. पुढं १९८७ साली जॉन सिंक्लेअरच्या देखरेखीखाली निघालेल्या कोबिल्ड कोशानं तर अर्थसुद्धा पूर्ण वाक्यात सांगायला सुरुवात केली.

निवृत्तीनंतर मी मोहल्ल्यातल्या मुलींसाठी संध्याकाळी इंग्रजीचा वर्ग घेतो. वहीत दोनऐवजी तीन रकाने असतात. शब्द, अर्थ आणि स्वतःचं वाक्य. अर्थ मराठीत लिहा, नाहीतर उर्दूत लिहा. परवानगी लिहिलं काय आणि इजाजत लिहिलं काय, मला दोन्ही चालतं. अट एकच. वाक्य गाइडमधलं नको, मोबाइलमधलंही नको, घरातलं हवं.

पहिल्या पहिल्यांदा वाक्यं साधीच येतात. अम्मी भाकरी करते, बकरी दोरी तोडते. मग हळूहळू मुली मोकळ्या होतात. एका मुलीनं 'अफोर्ड' शब्दावर लिहिलं, 'वी कॅन अफोर्ड अ मोटारसायकल, बट नॉट माय हॉस्टेल.' 'अलाउ'वर लिहिलं, 'माय ब्रदर इज अलाउड टू गो टू पुणे.' आणि 'पोस्टपोन'वर दोन वाक्यं होती. 'माय अ‍ॅडमिशन इज पोस्टपोन्ड. माय एंगेजमेंट इज नॉट पोस्टपोन्ड.' व्याकरण अगदी बरोबर होतं. मी बरोबरची खूण केली, पण पेन बराच वेळ तिथंच राहिलं. जे तिला दखनीत अब्बांसमोर बोलता येत नव्हतं, ते तिनं इंग्रजीत लिहून ठेवलं होतं. घरात ती वही कुणालाच वाचता येत नव्हती.

काही दिवसांनी तिचे अब्बा वर्गावर आले. गवंडीकाम करणारा भला माणूस. म्हणाले, "सर, बच्ची क्या सीखी, जरा बताओ ना." मी काही बोलायच्या आत तिनंच वही पुढं सरकवली आणि नेमकं ते पान उघडलं. मी तिच्याकडं पाहिलं. "पढ़ो सर," ती हळूच म्हणाली. मी एकेक वाक्य आधी इंग्रजीत वाचलं, मग दखनीत सांगितलं.

ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "ये उसके मन का है?"

"वाक्य उसकाच है भाई. मैं सिर्फ स्पेलिंग देखता."

त्यांनी वही हातात घेतली आणि वाचता न येणारी पानं एकेक करून शेवटपर्यंत उलटली. सिनेमातल्यासारखं पुढं काही झालं नाही. साखरपुडा पदवीनंतर करायचं ठरलं. पुण्याचं अजून ठरलेलं नाही, सध्या ती तालुक्याच्या कॉलेजात जाते. परवा 'डिसाइड' शब्द आला, तेव्हा तिनं लिहिलं, 'वी हॅव नॉट डिसाइडेड येट.' या वाक्यात 'दे' नव्हतं, 'वी' होतं.

आज मोबाइलवर अर्थ क्षणात मिळतो, उच्चारही ऐकू येतो. आमच्या पिढीला हे सुख नव्हतं, मुलांनी ते जरूर घ्यावं. मागाल तर तो वाक्यसुद्धा बनवून देतो. पण तुमच्या घरात कुणाला परवानगी आहे आणि कुणाला नाही, हे त्याला कुठून कळणार? म्हणून तिसरा रकाना मुलांनी स्वतःच भरावा. रोज पाच शब्द पुष्कळ झाले. तेच दुसऱ्या दिवशी, आठवड्यानं, महिन्यानं पुन्हा पाहावेत. अर्थ झाकून वाक्य आठवावं, वाक्य झाकून अर्थ.

आणि घरातल्या मोठ्यांनी, इंग्रजी येवो न येवो, एवढं करावं. संध्याकाळी मुलीला जवळ बसवून विचारावं, "बेटा, आज का जुमला सुना. मतलब बी बता."